सशाचा पिंजरा कसा असावा?

दुखणे आले की गाय हंबरते, कोंबडी कलकलाट करते, शेळी तर सारा गोठा डोक्यावर घेते. ससा मात्र गप्प राहतो. उन्हाने जीव घाबरा झाला, पायाला जखम झाली, पोट फुगले तरी तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि सकाळी घरची मंडळी उठतात तेव्हा मेलेला सापडतो. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते ससा घराला लाभत नाही. खरे कारण बहुतेक वेळा पिंजऱ्यातच असते. एक तर पिंजरा चुकीच्या जागी ठेवलेला असतो, नाहीतर त्याचा तळ चुकीचा असतो.

अलीकडे खेड्यापाड्यांतही मुलांच्या हौसेखातर बाजारातून सशाची जोडी घरी येते. काही घरांत चार-दोन माद्या ठेवून पिल्ले विकण्याचा छोटा जोडधंदाही चालतो. दोन्हीकडे आधी ससे येतात आणि पिंजऱ्याचा विचार मागाहून होतो. तोवर फळांच्या खोक्यात नाहीतर कोंबड्यांच्या डालग्याखाली त्यांची सोय लावली जाते. हा क्रम उलटा करावा. आधी जागा ठरवावी, मग पिंजरा बनवावा आणि ससा शेवटी आणावा. चांगल्या सोयीत ठेवलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

रानातला ससा घरी आणू नका

पिंजऱ्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाजारात मिळणारा पांढरा, काळा, करडा ससा वेगळा आणि आपल्या शेतात, माळावर दिसणारा रानससा वेगळा. पाळीव सशाचे मूळ युरोपात, स्पेन-पोर्तुगालकडचे. तो बिळे करून राहणारा प्राणी असून त्याची पिल्ले जन्मतात ती उघडी-नागडी आणि मिटल्या डोळ्यांची. आपला रानससा बीळ करीत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून तो बसतो, आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असून त्यांचे डोळे उघडे असतात. या दोघांचा आपसांत संकरही होत नाही.

ऊसतोड चालू असली किंवा गहू-हरभऱ्याची काढणी असली की अशी पिल्ले हाती लागतात. आई जवळ दिसत नाही, म्हणून मुले ती उचलून घरी आणतात. परंतु आईने पिल्ले टाकलेली नसतात. शत्रूला माग लागू नये म्हणून ती दिवसभर लांब राहते आणि तिन्हीसांजेला येऊन दूध पाजून जाते. असे पिल्लू आढळले तर हातात गवत घेऊन त्यासकट ते उचलावे, जवळच्या बांधावर झुडपाच्या आडोशाला ठेवावे आणि कुत्र्यांना तिकडे फिरकू देऊ नये. पिंजऱ्यात घातलेली रानसशाची पिल्ले भेदरून आणि हगवण लागून बहुधा दगावतात. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाला संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे आणि मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा पिंजऱ्याची ही सारी माहिती फक्त पाळीव सशासाठी आहे.

जागा आधी, पिंजरा मागून

सशाला थंडी सोसते, ऊन सोसत नाही. त्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती मुख्यतः लांब कानांतून. १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात तो सुखात असतो. ३० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि ३५च्या वर जिवावर बेतू शकते. आपल्याकडे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात उन्हाळ्यात पारा ४०च्या पुढे जातो. यावरून जागेचे महत्त्व ध्यानात यावे.

घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची पडवी पिंजऱ्याला सर्वांत चांगली. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ आले तर हरकत नाही, पण पश्चिमेकडचे उतरते ऊन मुळीच येता कामा नये. पडवी नसेल तर परसातल्या आंब्याच्या, लिंबाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत मांडव घालून पिंजरा ठेवावा. बसायला गार वाटते तीच जागा भर दुपारी कशी तापते, हे पिंजरा ठेवण्यापूर्वी दोन-तीन दिवस स्वतः पाहून घ्यावे.

पिंजरा चुलीच्या धुराजवळ नको आणि गोठ्यातल्या मुताच्या वासाजवळही नको, कारण सशाची फुप्फुसे नाजूक असतात. पिठाची गिरणी, मोटारीचे घर आणि रहदारीचा रस्ता यांपासून तो लांब असावा. दिवाळीचे फटाके आणि वरातीचा बाजा यांनी ससा इतका घाबरतो की पिंजऱ्यात उसळ्या मारताना त्याचा कणा मोडतो. अशा दिवशी पिंजरा उचलून आतल्या शांत खोलीत न्यावा.

किती मोठा असावा?

ससा उभा राहिला तर कान दुमडू नयेत, आडवा पसरला तर अंग सैल सोडता यावे आणि तीन-चार उड्या मारता याव्यात, इतकी जागा त्याला लागते. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट अशा आपल्याकडे मिळणाऱ्या मोठ्या जातींचे वाढलेले जनावर चार-साडेचार किलोपर्यंत भरते. विकत घेताना ते मुठीएवढे दिसते, म्हणून फसू नये.

अशा एका सशासाठी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पिंजरा करावा. धंद्यात याहून लहान पिंजरेही वापरतात, पण घरच्या एक-दोन जनावरांसाठी काटकसर करून फारसे काही वाचत नाही. पिंजरा मोठा असला तरी रोज सकाळी किंवा संध्याकाळी तासभर बंदिस्त ओसरीत किंवा कुंपणाच्या अंगणात ससा मोकळा सोडावा. सतत कोंडलेल्या सशाची हाडे आणि स्नायू कमकुवत होतात.

एका पिंजऱ्यात एकच मोठे जनावर, हा नियम कडक पाळावा. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नर-मादी एकत्र ठेवले तर मादीला उसंत मिळत नाही. व्यालेल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि काही महिन्यांतच मादी खंगते व घरात पिल्लांचा पसारा होतो. बाजारातून ‘जोडी’ म्हणून आणलेली पिल्ले तीन महिन्यांची होताच वेगळी करावीत. दोन पिंजरे शेजारी ठेवले तर त्यांना सोबतही राहते.

तळ हाच पिंजऱ्याचा जीव

ससा दिवसभर लेंड्या टाकतो आणि त्याच्या मुताला उग्र वास असतो. तळ भरीव असेल तर हे सारे त्याच्या पायाखाली साचते. ओलीत कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म जंतू वाढतात आणि पिल्ले हगवणीने पटापट मरतात. मुताच्या वाफेने डोळे चुरचुरतात, सर्दी धरते. म्हणून तळ असा हवा की लेंडी आणि मूत खाली पडून जाईल, पण पाय आत अडकणार नाही.

यासाठी अर्धा इंच रुंद आणि एक इंच लांब भोकांची, जाड तारेची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डची जाळी उत्तम. ती न मिळाल्यास अर्ध्या इंचाची चौकोनी चालते, मात्र तिच्यात लेंड्या अडकतात, म्हणून ती रोज ब्रशने झाडावी लागते. कोंबड्यांच्या कुंपणाची पातळ षट्कोनी जाळी तळाला कधीही लावू नये. ती लोंबते, तिची तार पायात रुतते आणि कुत्रे ती दाताने फाडते.

जाळी बसवताना तिच्यावरून हात फिरवून पाहावा. गुळगुळीत बाजू वर ठेवावी. कापलेल्या तारेची टोके कानशीने घासून बाहेर वळवावीत. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. नुसत्या तारेवर बसून बसून टाचांना जखमा होतात. त्यासाठी जाळीच्या एका बाजूला फूट-दीड फुटाची साधी फळी ठेवावी. तिच्यावर ससा विसावतो. फळी रोज काढून झाडावी आणि आठवड्यातून दोनदा धुऊन उन्हात वाळवावी. म्हणून अशा दोन फळ्या असाव्यात.

जाळी परवडत नसेल तर बांबूच्या चपट्या कामट्यांचा तळही करता येतो. दोन कामट्यांत अर्ध्या इंचाची फट ठेवावी, सालीची गुळगुळीत बाजू वर करावी आणि गाठी तासून घ्याव्यात. बांबू मूत पितो आणि ससा तो कुरतडतो, म्हणून वर्ष-दीड वर्षाने तळ बदलावा लागेल हे धरून चालावे.

घरी पिंजरा करायचा तर

गावातला सुतार किंवा वेल्डिंगवाला एका दिवसात हा पिंजरा करून देतो. पक्कड आणि तार कापायची कात्री असेल तर घरचा हुशार मुलगाही करील. सामानाचा हिशेब असा :

तळाची बारीक जाळी चार फूट पन्ह्याची ३ फूट घ्यावी. त्यातली २ फूट तळाला लागेल. उरलेल्या एका फुटातून चार-चार इंचांच्या तीन पट्ट्या कापाव्यात आणि पिंजऱ्याच्या चारही बाजूंना तळालगत आतून बांधाव्यात. दोन पट्ट्या पुढे-मागे लागतात आणि तिसरी अर्धी करून दोन कडांना. या पट्ट्यांमुळे नवजात पिल्ले फटीतून खाली पडत नाहीत.

बाजू आणि वरचे झाकण यांसाठी एक इंचाची जाळी चार फूट पन्ह्याची साडेनऊ फूट घ्यावी. तिचा सहा फुटांचा तुकडा दोन-दोन फुटांवर वाकवला की मागची बाजू, माथा आणि पुढची बाजू एकसंध तयार होते. दोन फुटांच्या तुकड्यातून दोन कडा निघतात. उरलेल्या जाळीतून दार करावे. पुढच्या बाजूला १४ इंच लांब-रुंद तोंड कापावे आणि झडप त्याहून दोन इंच मोठी ठेवावी, म्हणजे ती सर्व बाजूंनी एकेक इंच वर बसेल. दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याला नुसता आकडा न घालता कडी-कोयंडा घालावा. मांजर आकडा सहज काढते.

उंदीर-घुशींचा उपद्रव फार असेल, किंवा साप निघत असतील, तर इंचाच्या जाळीवर विसंबू नये. उंदराचे पिल्लू आणि बारीक साप तिच्यातून आत शिरतात. तिथे चारही बाजूंना अर्ध्या इंचाचीच जाळी लावावी.

पिंजरा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच घोडीवर ठेवावा. खालून झाडलोट करता येते, ओल लागत नाही आणि कुत्र्याचे तोंड पोचत नाही. घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत, पिठाच्या डब्याखाली आपण ठेवतो तसेच. लाल मुंग्या पिल्लांना लागल्या तर रात्रीत खेळ आटोपतो. पाण्यावर थेंबभर रॉकेल किंवा जळके तेल टाकले तर त्यात डासही होत नाहीत.

माथ्यावर छप्पर हवेच. पत्रा घातला तर त्यावर उसाचे पाचट किंवा गवताचा सहा इंच थर द्यावा. नुसता पत्रा उन्हात ससा भाजून काढतो.

आत काय ठेवावे?

पाण्याचे भांडे जड मातीचे किंवा दगडी असावे, कारण हलके भांडे ससा उलटे करतो. दाबले की थेंब येणाऱ्या नळीची बाटलीही चांगली, पण नळी तुंबली नाही ना हे रोज बोटाने पाहावे. पिल्लांची आई दिवसाला लिटरभर पाणी पिऊ शकते. पाणी तुटले तर दूध तुटते.

चारा तळावर टाकू नये. जाळीला बाहेरून तारेची किंवा बांबूची लहानशी गव्हाण करावी. वाळलेले गवत त्यात चोवीस तास असावे. सशाचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजतात गवत चावून. दाणा आणि खुराक ही जोड झाली, खरे अन्न गवतच. शेवरी, तुतीचा पाला आणि थोडा लसूणघास द्यावा. हिरवा चारा दवाने किंवा पावसाने भिजलेला नसावा. तो सुकवून द्यावा आणि चाऱ्यात बदल हळूहळू करावा.

सशाला उलटी होत नाही, हे विसरू नये. पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला नाही. जिच्यापासून आपण गाई-बैलांना जपतो ती ज्वारीची कोवळी धाटे सशालाही घालू नयेत. धोतरा, कण्हेर, घाणेरी, रुई आणि बटाट्याचे कोंब यांपासून त्याला जपावे. सर्वांत मोठी काळजी औषध मारलेल्या शेतातल्या चाऱ्याची. फवारणी झालेल्या कपाशीतले, भाजीतले तण कितीही हिरवेगार दिसले तरी सशापुढे टाकू नये.

विण्याची पेटी

मादी नराला दाखवायची असेल तर तिला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नर मादीच्या पिंजऱ्यात सोडला तर ती त्याला फाडते. मादी साधारण ३१ दिवसांनी विते. २७व्या-२८व्या दिवशी तिच्या पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवावी. पेटी १८ इंच लांब, १२ इंच रुंद, १२ इंच उंच असावी आणि वरून निम्मी उघडी ठेवावी. पुढच्या बाजूला सहा इंचांचा उंबरा ठेवला तर मादी आत जाते, पण पिल्ले बाहेर येत नाहीत. वर सांगितलेल्या दारातून ही पेटी बरोबर आत जाते. पेटीत गव्हाचे किंवा भाताचे मऊ काड घालावे. मादी पोटाचे केस उपटून त्यावर अंथरते. ते आजारपण नव्हे, बाळंतपणाची तयारी आहे.

मादी व्याली की पिल्लांवर बसून राहत नाही. दिवसातून एक-दोनदाच, तेही काही मिनिटे, ती दूध पाजते. म्हणून ‘आई जवळच घेत नाही’ असे समजून पिल्ले हाताळू नयेत. पहिल्या दिवशी हात स्वच्छ धुऊन हळूच पाहावे, मेलेले पिल्लू असेल तर काढावे आणि पोटे भरलेली दिसली की पेटी सोडून द्यावी. गलका झाला, कुत्रे भुंकत राहिले तर घाबरलेली आई पिल्ले तुडवते, कधी खातेही. दहा-बारा दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडतात. अडीच-तीन आठवड्यांनी ती पेटीबाहेर येतात आणि पाच-सहा आठवड्यांनी आईपासून तोडता येतात.

तीन ऋतूंची काळजी

उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगून ते दिवसातून चार-पाच वेळा भिजवावे. मात्र हवा बंद होऊ देऊ नये. कोकणातल्या दमट हवेत ओल्या गोणपाटाचा उपयोग थोडाच, तिथे वारा खेळता ठेवणे हाच उपाय. फुटक्या माठाचे मोठे खापर भिजवून पिंजऱ्यात ठेवले तर ससा त्याला टेकून बसतो. ससा तोंड उघडून धापा टाकू लागला, कान लालभडक आणि गरम लागले, नाक ओले झाले, तर ऊन लागले असे समजावे. लगेच गार जागी न्यावे, कान ओल्या फडक्याने पुसावेत आणि पाणी पुढे ठेवावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने तो मरतो. कडक उन्हाळ्यात नर-मादी जुळवणी बंद ठेवावी. उष्णतेने नराचे वीर्य कमजोर होते आणि पुन्हा सुधारायला दीड-दोन महिने लागतात.

पावसाळ्यात शत्रू ओल. झडीच्या बाजूला तट्ट्या बांधावा, पण वरचा हातभर भाग मोकळा ठेवावा. चारा घरात सुकवून द्यावा. बुरसटलेले गवत आणि बुरशी आलेली पेंड उकिरड्यावर टाकावी, सशापुढे नव्हे.

थंडीत मोठ्या सशाला फारसे काही लागत नाही. रात्री वाऱ्याच्या बाजूला पोते सोडावे आणि पेटीत काड वाढवावे, एवढे पुरते.

झाडलोट आणि रोजची नजर

पिंजऱ्याखालच्या लेंड्या दोन दिवसाआड उचलाव्यात आणि तिथे चुना भुरभुरावा. हे खत वाया घालवू नये. कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा गांडूळखतात ते फार चांगले जिरते आणि परसातल्या भाजीला लाभते. पिंजरा महिन्यातून एकदा रिकामा करून घासावा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवावा. जाळीला चिकटलेले केस जाळून काढावेत.

ससा कानाला धरून कधीही उचलू नये. एका हाताने मानेवरची सैल कातडी धरावी आणि दुसरा हात ढुंगणाखाली द्यावा. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याला मांडीवर घ्यावे. खरूज आणि गजकर्ण सशाकडून माणसाला लागू शकतात. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी. कानात खपल्या दिसल्या, टाचा सोलवटल्या, किंवा ससा दिवसभर खाईना आणि लेंडी टाकीना, तर घरगुती औषधात वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

धंद्याचा विचार असेल तर

‘पिंजरे आणि ससे आमच्याकडून घ्या, पिल्ले आम्हीच परत घेऊ’ असे सांगणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांच्या भरवशावर दागिने गहाण ठेवून पन्नास पिंजरे उभारू नयेत. पिल्ले कोण घेणार, कुठे घेणार, किती वजनाला घेणार, हे तालुक्याच्या बाजारात स्वतः हिंडून पाहावे. आधी दोन माद्या आणि एक नर घेऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा. घरात कोणाला हे काम आवडते, चारा बारा महिने पुरतो का, किती पिल्ले जगतात, हे त्या वर्षात कळते. त्यानंतर चौथा पिंजरा करायला केव्हाही मोकळीक आहे.

घरच्या सशाचे काम एका मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. सकाळी पाणी बदलणे, गव्हाण भरणे, तळावरून हात फिरवून ओल पाहणे आणि कालच्याइतक्याच लेंड्या आज पडल्या का ते बघणे, एवढे चारच नेम. यांना दहा मिनिटे लागतात. तरी आठवड्यातून एकदा मोठ्या माणसाने पिंजऱ्यापाशी बसून ससा उचलून घ्यावा आणि त्याचे पाय, कान व दात पाहावेत. सशाचे दुखणे वेळेवर कळण्याचा दुसरा मार्ग नाही.